स्लॅब पडण्याआधी

आमच्याकडे ‘स्लॅब पडला’ ही आनंदाची बातमी असते. फोनवर कुणी सांगितलं की पलीकडून ‘अरे वा, पेढे कधी?’ असंच विचारलं जातं. हेच दोन शब्द वर्तमानपत्रात आले की मात्र त्याखाली मृतांचा आकडा असतो. घर यातल्या कोणत्या अर्थाकडे जाणार, हे बरंचसं ठरतं आदल्या संध्याकाळी. सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लेटांवर सळईची जाळी अंथरून झालेली असते आणि काँक्रीट अजून पडायचं असतं. त्या संध्याकाळी जाळीवर चढून बघणारा जाणता माणूस कोण असतो? स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांसाठी उत्तर एकच आहे: मिस्त्री.

आमचं घर २०१४ साली झालं. गाव कोयनेच्या पट्ट्यातलं, तेव्हा भूकंप आम्हाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. घरातल्या जुन्या माणसांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट अजून आठवते. तरीही मी तेच केलं जे सगळे करतात. ओळखीच्या एका ड्राफ्ट्समनला ‘पॅकेज’ दिलं. नकाशा, परवानगी, आरसीसीचं ड्रॉइंग, इंजिनिअरची सही आणि शेवटी दाखला, सगळं चौरस फुटाच्या एका दरात. स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, लिफ्ट वर-खाली करायला लागली आणि माझे सासरे सहज म्हणून शिडीने वर गेले. पाटबंधारे खात्यात हयात काढलेला माणूस. उकिडवे बसून त्यांनी जाळीखाली बोट घालायचा प्रयत्न केला. बोट जाईना. “जावईबापू, जाळी प्लेटला टेकलीय. कव्हर कुठंय?”

मिस्त्री हसला. “बाबा, टेन्शन घेऊ नका. पंचवीस वर्षं झाली, एक घर पडलं नाही अजून.”

तो खोटं बोलत नव्हता. पण त्या पंचवीस वर्षांत मोठा धक्काही आला नव्हता. काँक्रीटचं पुरेसं आवरण नसलेली सळई पहिल्या पावसाळ्यात गंजत नाही, ती पंधराव्या-विसाव्या वर्षी फुगते आणि छताचा पापुद्रा जेवणाच्या ताटात पडतो. सासऱ्यांनी काम थांबवलं. कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी प्लेटपासून उचलून धरणारे ठोकळे, मागवले, दोन तास गेले, मिक्सरवाल्याची कुरकुर ऐकावी लागली. कॉलमच्या उभ्या गजांना भोवतीने बांधणाऱ्या रिंगांचे हूकही त्यांनी दाखवले. काटकोनात दुमडलेले. भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे ते १३५ अंशांत आत वळवून गाभ्यात रुतवायचे असतात, म्हणजे धक्क्यात वरचं काँक्रीट सुटलं तरी रिंग उघडत नाही. पण तोवर कॉलम भरून झाले होते, जेवढे हूक दिसत होते ते वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या गजांवरचे. त्यांच्यावरून खालचा अंदाज करायचा. पुढे दोन महिन्यांनी ‘सदर इमारतीचे काम माझ्या देखरेखीखाली व मानकांनुसार झाले आहे’ असं प्रमाणपत्र फाइलला लागलं. त्यावर सही करणाऱ्या इंजिनिअरला मी आजतागायत पाहिलेलं नाही.

हे रडगाणं नाही. तो सगळा व्यवहार मी डोळे उघडे ठेवून केला होता. प्रश्न सार्वजनिक आहे: आपलं घर नियमांप्रमाणे बांधलं गेलं हे कोणी सांगायचं, आणि ते निवडायचा हक्क घरमालकाला किती असावा?

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई आणि आणखी काही भाग वगळता ती राज्यभर लागू आहे. तिने छोट्या घरांसाठी वाट मोकळी केली. १५० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट ‘कमी जोखमीचा’. परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या सहीचे नकाशे द्यायचे, शुल्क भरायचं आणि ती पावती हीच परवानगी समजायची. त्याहून मोठ्या, ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी. (आपल्याकडे प्लॉट मीटरमध्ये विकले जात नाहीत, गुंठ्यात विकले जातात. दीड गुंठा म्हणजे साधारण १५१.७ चौरस मीटर. पावतीवर घर बांधायचा हक्क दीड गुंठेवाल्याच्या हातून पावणेदोन मीटरने निसटतो. नियम लिहिणाऱ्याने गुंठ्याचा हिशेब केला नसावा, किंवा फार बारकाईने केला असावा.)

या बदलाचं मी तेव्हा स्वागत केलं आणि आजही करतो. ज्याने नगरपालिकेत बांधकाम परवानगीसाठी खेटे घातले आहेत तो याच्या विरोधात बोलूच शकत नाही. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायची तरतूद नगररचना कायद्यात १९६६ पासून आहे, पण तिच्या भरवशावर पाया खणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. टेबलाखालचा व्यवहार कमी करायचा तर टेबलंच कमी करावी लागतात. स्वयंप्रमाणनाचं तत्त्व मला मान्य आहे.

माझी तक्रार प्रमाणपत्रात काय प्रमाणित होतं याबद्दल आहे. आपली सगळी बांधकाम परवानगी ही जागेच्या हिशेबाची आहे. पुढे किती सोडलं, बाजूला किती सोडलं, चटई क्षेत्र किती, गॅलरी बंद केली का, पार्किंग दाखवलं का. भोगवट्यासाठी, म्हणजे घर वापरायच्या दाखल्यासाठी, कुणी आलंच तर टेप घेऊन येतो. यात पालिकेचा सरळ स्वार्थ आहे, आणि तो वाईटही नाही: विकास शुल्क चटई क्षेत्रावर मिळतं, शेजाऱ्याची भांडणं मोकळ्या सोडलेल्या जागेवरून होतात. सळई किती अंतरावर बांधली यावरून शेजारी भांडत नाही. त्यामुळे घराच्या ताकदीबद्दलचा एकमेव कागद म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ते ठरावीक मसुद्याचं प्रमाणपत्र. तेही घर प्लॅस्टर होऊन, रंग लागून, वास्तुशांत झाल्यावर दिलं जातं. तेव्हा तपासण्यासारखं जे काही होतं ते सगळं भिंतीत आणि जमिनीत गाडलं गेलेलं असतं.

कागद असणं आणि तपासणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे महाडने दाखवलं. २४ ऑगस्ट २०२० ला तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली, १६ माणसं गेली. इमारत शंभर वर्षांची नव्हती, दहाही वर्षांची नव्हती. गुन्हा दाखल झाला तो बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, नगरपालिकेचा अभियंता आणि मुख्याधिकारी यांच्यावर. म्हणजे सही करणारी साखळी पूर्ण होती. २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडून ७४ जण मेले, तिथे परवानगीचाच पत्ता नव्हता. एक कागदवाली, एक बिनकागदाची. ढिगाऱ्याखालच्या माणसाला त्या फरकाचा उपयोग नाही.

मग तपासणी पालिकेच्या इंजिनिअरकडे द्यावी का? हा मोह मलाही होतो, पण तो टिकत नाही. छोट्या नगरपालिकेत बांधकाम विभाग म्हणजे एक-दोन माणसं. रस्ते, गटारं, अतिक्रमण, निवडणुकीची ड्यूटी हे सगळं त्यांच्याच डोक्यावर. दर स्लॅबला त्यांची वाट बघायची ठरवली तर बांधकामं थांबतील किंवा ‘फेरीचा’ दर ठरेल. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागून ७२ माणसं गेली. त्या इमारतीच्या नूतनीकरणाला पूर्णत्वाचा दाखला देणारा बांधकाम नियंत्रण विभाग तिथल्या स्थानिक पालिकेचाच होता. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकापासून पालिका किंवा खासगी तपासनीस यांतला एक निवडायची मुभा आहे; उंच निवासी इमारतींना मात्र २०२३ पासून ती नाही. चौकशी आयोगाने २०२४ च्या अहवालात दोन्हीकडे बोट दाखवलं: पालिकेच्या विभागाने कर्तव्य बजावलं नाही, आणि धंद्याचा स्वार्थ असणाऱ्याच्या हाती ही तपासणी असावी का याचाही विचार व्हावा.

आयर्लंडची गोष्ट आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. तिथेही खेड्यापाड्यांत माणसं आपल्या जमिनीवर स्वतःच्या देखरेखीत घर बांधतात. डब्लिनमधल्या प्रायरी हॉल या गृहसंकुलातले रहिवासी २०११ मध्ये आगीच्या धोक्यामुळे तातडीने बाहेर काढावे लागले, तेव्हा तिथल्या सरकारला जाग आली. १ मार्च २०१४ पासून प्रत्येक नव्या घराला एक नेमलेला प्रमाणक सक्तीचा झाला: नोंदणीकृत आर्किटेक्ट, इंजिनिअर किंवा सर्वेक्षक. त्याने टप्प्याटप्प्याने पाहणी करायची आणि शेवटी नाव घालून सही करायची. स्वतः घर बांधणारे चिडले. पाप बिल्डरांनी केलं आणि प्रायश्चित्ताचा खर्च आमच्या माथी का, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. दीड वर्षात सरकारने माघार घेतली. १ सप्टेंबर २०१५ पासून एकट्या घराच्या मालकाला ही पद्धत नाकारता येते. मात्र ती गुपचूप नाकारता येत नाही. काम सुरू करण्याच्या सूचनेबरोबर तसं घोषणापत्र द्यावं लागतं आणि बांधकामाचे नियम पाळायचं बंधन तसंच राहतं.

ही नाकारण्याची मुभा मला आपल्या पॅकेजपेक्षा प्रामाणिक वाटते. आपल्याकडे प्रत्येक फाइलला देखरेख झाल्याचं प्रमाणपत्र आहे आणि देखरेख क्वचितच आहे. त्यापेक्षा मालकाने सरळ लिहून द्यावं, की मी इंजिनिअर लावलेला नाही, माझ्या जबाबदारीवर बांधतो आहे. उद्या ते घर विकत घेणारा, त्यावर कर्ज देणारी बँक, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला येणारं जोडपं, सगळ्यांना तो कागद दिसावा. खोट्या प्रमाणपत्राने यांतल्या प्रत्येकाची फसवणूक होते, आणि सगळ्यात आधी मालकाची होते, कारण प्रमाणपत्राचे पैसे त्यानेच दिलेले असतात.

पण ही मुभा मी फक्त तळमजल्याच्या, स्वतः राहायच्या घराला देईन. वर मजला चढला किंवा भाडेकरू आला की ‘माझं घर, माझी जोखीम’ हे वाक्य खोटं होतं. तालुक्याच्या गावात खाली दोन गाळे, वर दोन खोल्या भाड्याने ही तर घर बांधण्यामागची अर्थव्यवस्थाच आहे. खालच्या गाळ्यात समोरची भिंत नसते, वरचा सगळा भार बारीक कॉलमवर असतो, म्हणजे भूकंपाला जे सगळ्यात नको ते आपण सगळ्यात जास्त बांधतो. अशा घराला ‘कमी जोखमीचं’ ठरवण्यासाठी प्लॉटचं क्षेत्रफळ हा निकष पुरत नाही. शंभर मीटरच्या प्लॉटवर तीन मजले उभे राहतात आणि दोनशे मीटरच्या प्लॉटवर कौलारू बैठं घर.

आता खर्चाचा मुद्दा. ‘आधीच सोनं गहाण ठेवून बांधतोय, त्यात इंजिनिअरच्या फेऱ्यांचे पैसे कुठून आणू?’ हे मला बऱ्याच जणांनी विचारलं आहे. त्यांना एवढंच म्हणतो की पैसे तुम्ही आताही देताच, फक्त सहीचे देता. पॅकेजच्या दरात स्ट्रक्चरलवाल्याचा वाटा असतो, तो न येण्यासाठी दिलेला असतो. तोच चौरस फुटावर न ठरवता फेरीवर ठरवा. पाया खणून जाळी अंथरल्यावर एक, कॉलमच्या रिंगा बांधल्यावर एक, प्रत्येक स्लॅबच्या आदल्या दिवशी एक. तीन-चार फेऱ्यांची ही फी हॉलमधल्या पीओपीच्या खर्चात सहज बसते, आणि पीओपी काढायला आपण कुणी तयार नसतो. दुसरं, हा माणूस ठेकेदाराने आणलेला नको आणि ड्राफ्ट्समनच्या पॅकेजमधलाही नको. सेंट्रिंगवाल्याची मजुरी चौरस फुटावर असते. रिंगा सहा इंचांवर बांधल्या काय नि नऊ इंचांवर बांधल्या काय, त्याला पैसे तेवढेच, सहा इंचांना कष्ट मात्र दीडपट. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्याच्या मालकाचा माणूस त्याचं काम तपासणार असेल तर तपासणीला अर्थ उरत नाही.

हे सगळं मी परदेशातून उचलून आणतो आहे असं वाटत असेल, तर किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली. तेव्हाच्या सरकारी नकाशावर लातूरचा तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ‘कमी जोखीम’ हा शब्द वाचताना मला दर वेळी ते आठवतं. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यातली नव्याने वसवलेली गावं सगळ्यांना माहीत आहेत. त्यातला दुसरा भाग फारसा कुणाला आठवत नाही. दोन लाखांच्या आसपास घरं त्यांच्या मालकांनीच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसा हप्त्याने, कामाच्या टप्प्याप्रमाणे मिळायचा. कनिष्ठ अभियंता येऊन बघायचा, मग पुढचा हप्ता. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड बसवले का, भिंतींना बांधून धरणारा पट्टा घातला का, हे काम उघडं असतानाच पाहिलं जायचं. पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावागावांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. जोडदगड म्हणजे काय, हे शेजारणीला समजावून सांगणारी आणि गवंड्याला टोकणारी बाई त्या काळात लातूर-धाराशिवच्या खेड्यांत होती. ‘लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत’ असं कुणी म्हणालं की मी हे सांगतो.

आज त्याच धर्तीचं काहीतरी घरकुलात दिसतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. त्याचे हप्ते टप्प्याटप्प्याच्या फोटोंवर सुटतात, फोटोवर ठिकाण आणि तारीख उमटलेली असते. २६९ फुटांच्या घरात राहणाऱ्या गरिबावर सरकारचा एवढा अविश्वास, आणि शेजारच्या शहरात तीन मजले चढवणाऱ्यावर पावतीपुरता विश्वास! घरकुलातले फोटो पैशाच्या हिशेबासाठी काढतात, सळईसाठी नव्हे, हे मला माहीत आहे. पण यंत्रणा उभी आहे, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. काँक्रीट पडण्याआधी इंजिनिअरने स्वतः जागेवर उभं राहून काढलेले चार फोटो आणि त्याच दिवसाची सही परवानगीच्या पोर्टलवर चढवायला नवा कायदा लागू नये. पालिकेने तपासायचं काहीच नाही, फक्त साठवायचं. आणि एक आकडा जाहीर करायचा: या इंजिनिअरने यंदा किती जागांवर सही केली. एकाच माणसाने मे महिन्यात तीन तालुक्यांत शंभर स्लॅब पाहिले असतील तर बाकीचं लोक आपोआप समजून घेतील.

सक्ती करूनही लोक दाखल्याच्या वाटेला जाणारच नाहीत, हा आक्षेप खरा आहे. घरपट्टी दाखल्याशिवाय लागते, मीटर दाखल्याशिवाय बसतो आणि कधीतरी गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेले बिनपरवानगी प्लॉट, नियमित होईल ही आशा २००१ च्या कायद्यापासून जिवंत आहे. १७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांच्या एका खटल्यात बजावलं, की वीज-पाण्याची जोडणी पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहूनच द्यावी आणि बँकांनीही तो पाहूनच कर्ज द्यावं. ते खरोखर अमलात आलं तर दाखल्याची मागणी वाढेल. मला भीती अशी, की पॅकेजचा दरही वाढेल, सही तीच राहील.

आता हे सगळं लिहायचं कारण. आमच्या गच्चीवर कॉलमचे गज अजून उभे आहेत, गावातल्या प्रत्येक गच्चीवर असतात तसे, प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधलेले, गंजून तांबूस झालेले. मुलाला वर दोन खोल्या काढायच्या आहेत. या खेपेला पॅकेज नाही असं ठरवून आम्ही एका इंजिनिअर बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: “पाया किती बाय कितीचा आहे? ड्रॉइंग आणा.” ड्राफ्ट्समनने धंदा बदलला आहे. नगरपालिकेत जाऊन फाइल काढली. साइट प्लॅन होता, सोडलेल्या जागेची मापं होती, झाडं लावायचं हमीपत्र होतं, आणि देखरेखीचं ते प्रमाणपत्र होतं. पायाचा कागद नव्हता.

बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग खणून बघावं लागेल, काका.” येत्या रविवारी जिन्याखालची फरशी उचकटायची आहे.